बी.कॉम.च्या अर्थशास्त्राला बाजार समितीत येऊ द्या : अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या वाणिज्य विद्याशाखेतील अर्थशास्त्र अभ्यास मंडळांचे अध्यक्ष व सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

मी निफाड तालुक्यातली. 2018 साली अर्थशास्त्र हा विशेष विषय घेऊन बी.कॉम. झाले. आता एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम करते. परवा माझी भाची पहिल्या सत्राच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. वही माझ्या हातात देऊन म्हणाली, "मावशी, एवढे 'फरक स्पष्ट करा' म्हणून घे ना माझ्याकडून." सूक्ष्म आणि समग्र अर्थशास्त्र. इच्छा आणि मागणी. मागणीतील विस्तार आणि मागणीतील वृद्धी. मी वही मिटली आणि मुद्दे तोंडपाठ सांगत गेले, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. तिला माझं फार कौतुक वाटलं. मला मात्र धस्स झालं. इतकी वर्षं लोटली, या काळात आमच्या दारातला बाजार पार उलटापालटा झाला, आणि वहीतलं एक वाक्यही हललेलं नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपण वर्षावर्षाचे अभ्यासक्रम पुन्हा बांधता आहात. मेजर, मायनर, श्रेयांक, फील्ड प्रोजेक्ट, ओजेटी (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) हे सगळे शब्द आता भाचीच्याही तोंडी आहेत. एकदा आराखडा ठरला की तो काही वर्षं बदलत नाही, म्हणून हे पत्र आत्ताच लिहिते आहे. मागणं एकच आहे. वाणिज्य शाखेतलं अर्थशास्त्र बाजारात उभं राहून, खऱ्या आकड्यांवर शिकवलं जावं, आणि परीक्षेतही तेच विचारलं जावं. पुढे जे लिहिते आहे ते या एका मागण्यासाठी.

मी बी.कॉम.ला होते ती वर्षं 2015 ते 2018. अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलासाठी याहून भरलेली तीन वर्षं क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असतील. नियोजन आयोग जाऊन नीती आयोग आला होता. जुलै 2016 मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाल्याची आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं, आणि आमच्याकडे व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेची पतधोरण समिती स्थापन झाली आणि व्याजदराचा निर्णय एकट्या गव्हर्नरांच्या हातून सहा जणांच्या मतदानाकडे गेला. 8 नोव्हेंबरला 500 आणि 1,000 च्या नोटा रद्द झाल्या. 2017 च्या अर्थसंकल्पापासून योजनांतर्गत आणि योजनाबाह्य खर्च हा भेदच संपला. जूनमध्ये पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला, महिना संपायच्या आत कर्जमाफी जाहीर झाली, आणि 1 जुलैला जीएसटी आला.

यातला एकही विषय माझ्या कुठल्याही प्रश्नपत्रिकेत नव्हता. मी सगळ्या प्रश्नपत्रिका जपून ठेवल्या आहेत, हे पत्र लिहिण्याआधी पुन्हा चाळल्या. तिसऱ्या वर्षाला आम्ही योजनांतर्गत आणि योजनाबाह्य खर्चातला फरक लिहिला, तो भेद अर्थसंकल्पातून गेल्यानंतर. नोटाबंदीच्या आठवड्यात आमच्या वर्गात फिशरचं समीकरण चाललं होतं. पैशाचा साठा, चलनाचा भ्रमणवेग, किंमतपातळी, व्यवहारांची संख्या. त्याच दिवसांत चलनातल्या नोटांच्या मूल्याचा सुमारे 86 टक्के भाग एका रात्रीत बाद झालेला होता, बाजार समितीत कांद्याचे पैसे रोख मिळायचे थांबून चेकने मिळू लागले होते, आणि 14 नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाल्यावर गावातल्या माणसांना कुठे जावं ते कळत नव्हतं. समीकरणातली चारही अक्षरं कॉलेजच्या फाटकाबाहेर जिवंत फिरत होती. आम्ही आत बसून 'समीकरणावरील टीका' असे सहा मुद्दे उतरवून घेत होतो.

दोष शिकवणाऱ्यांचा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. आम्हाला ज्यांनी अर्थशास्त्र शिकवलं ते सर तासिका तत्त्वावर होते, दोन कॉलेजांत जाऊन तास घ्यायचे, आणि अभ्यासक्रम संपवला नाही तर मुलं नापास होतील या धाकाखाली असायचे. तरीही जे मला आजवर पुरलं ते त्यांनी अभ्यासक्रमाच्या बाहेर जाऊन दिलं.

दुसऱ्या वर्षाला विशेष विषय निवडायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी सांगितलं, बँकिंग घे, कॉस्टिंग घे, अर्थशास्त्र घेऊन काय करणार? अर्थशास्त्र घेणारे आम्ही 11 जण निघालो. पहिल्या आठवड्यात सरांनी सांगितलं, प्रत्येकाने घरून एकेक हिशोबपट्टी, म्हणजे बाजार समितीत माल विकल्यावर मिळणारी हिशोबाची पावती, आणायची. आम्ही बहुतेक कांदा उत्पादकांची पोरं, पट्ट्या घरोघरी खिळ्याला अडकवलेल्या असतात. 11 पट्ट्या टेबलावर मांडल्या. पुस्तपालन शिकलेलं असल्यामुळे पट्टी वाचणं अवघड गेलं नाही. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, निव्वळ माल, भाव, हमाली, तोलाई, वाराई, आणि खाली हातात येणारी रक्कम. मग सरांनी आडत बदलण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पट्ट्या वेगळ्या केल्या आणि विचारलं, "आडतीचा रकाना गेला. मग हा पैसा तुमच्या घरी आला का?"

आम्ही छातीठोकपणे म्हणालो, आला. ते म्हणाले, सिद्ध करा. व्यापाऱ्याला आडत द्यायची आहे हे त्याला लिलावात बोली लावण्याआधीच माहीत आहे. तो तेवढ्याने बोली खाली आणणार नाही कशावरून? आम्ही भाव तपासले. काही दिवशी वाढलेले, काही दिवशी उतरलेले. आवक वेगळी, प्रतवारी वेगळी, मध्येच पाऊस. कुठल्या कारणाने भाव किती हलला हे सुटं करता येईना. तासभर आमचं भांडण झालं, आणि मग सर म्हणाले, आता पुस्तकातलं 'कराघात आणि करभार' हे प्रकरण उघडा. कर ज्याच्यावर लावला जातो आणि कर ज्याच्या खिशातून जातो, ती दोन माणसं वेगळी असू शकतात. कोण किती सोसणार हे मागणी आणि पुरवठा किती लवचिक आहेत, म्हणजे भाव बदलला की ते किती बदलतात, त्यावर ठरतं. ट्रॅक्टर भरून बाजारात आणलेला कांदा परत नेणं परवडत नाही, म्हणजे त्या सकाळपुरता शेतकऱ्याचा पुरवठा जवळजवळ अलवचिक. आता सांगा, भार कुणाकडे सरकेल?

ते प्रकरण मी त्यानंतर पाठ केलं नाही. पाठ करायची गरजच पडली नाही. ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली, मे 2024 मध्ये किमान निर्यातमूल्य आणि शुल्कासह ती उघडली, सप्टेंबरमध्ये किमान निर्यातमूल्य काढलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून शुल्क काढून टाकलं. शुल्क निर्यातदार भरतो, असं कागद सांगतो. आमच्या आळीतल्या कुणालाही विचारा, ते कुणी भरलं. पण मला कागदावर मांडून दाखवता येतं की ते शेतकऱ्याकडे का सरकलं आणि किती सरकू शकतं. हे मला बी.कॉम.ने दिलं, आणि देणारा तो एक तास होता.

आपण मंडळी विद्वान आहात, हे सगळं आपल्याला ठाऊक आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की तो एक तास एका माणसाच्या मर्जीवर का अवलंबून असावा? तो अभ्यासक्रमात का नसावा?

इथे वाणिज्य शाखेबद्दल थोडं बोलते, कारण अर्थशास्त्र हा कला शाखेचा विषय आणि आपल्याकडे तो पाहुणा, अशी समजूत मी अनेक प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकली आहे. मला ती खरी वाटत नाही. बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलेल्या माझ्या मैत्रिणींनी माझ्यापेक्षा जास्त सिद्धान्त वाचले होते. पण ताळेबंद आणि मागणीचा वक्र एकाच डोक्यात शेजारी शेजारी बसतात ते फक्त वाणिज्य शाखेत. तिथेच आपली ताकद आहे आणि तिचा वापर आपण करत नाही. लेखाशास्त्राचे सर एका खोलीत, अर्थशास्त्राचे दुसऱ्या खोलीत, आणि दोघांची भेट फक्त स्टाफरूममध्ये.

बँकेत माझ्यासमोर रोज येणारं उदाहरण देते. एप्रिलमध्ये उन्हाळ कांद्याला क्विंटलला 1,200 रुपये भाव आहे असं धरा. शेतकऱ्याकडे 100 क्विंटल माल आहे. आज विकावा की कांदा साठवायच्या चाळीत ठेवावा? पाच महिने ठेवला तर सड आणि वजनातली घट मिळून 30 क्विंटल जातील असं समजू. आज विकून आलेले 1,20,000 रुपये त्याने 12 टक्के दराच्या कर्जात भरले असते तर पाच महिन्यांचं 6,000 रुपये व्याज वाचलं असतं. म्हणजे सप्टेंबरमध्ये उरलेल्या 70 क्विंटलचे किमान 1,26,000 रुपये यायला हवेत. क्विंटलला 1,800. आजच्या भावाच्या दीडपट मिळाले, तरीही साठवणूक केवळ ना नफा ना तोटा या ठिकाणी येते. हे गणित हातावर करणारे जुने शेतकरी मी पाहिले आहेत. बी.कॉम. झालेले, पण हे गणित मांडता न येणारे अर्जदारही पाहिले आहेत.

आता या प्रश्नात आणखी एक पायरी घाला. चाळ बांधायला गेल्या वर्षी जो खर्च झाला त्याचा घसारा या हिशोबात धरायचा का? लेखाशास्त्र म्हणेल, धरा, मालमत्तेची झीज दाखवलीच पाहिजे. अर्थशास्त्र म्हणेल, धरू नका, तो पैसा खर्च होऊन गेला, माल ठेवला काय आणि विकला काय, तो परत येणार नाही. दोघंही बरोबर आहेत, कारण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. चाळीसाठी कर्ज मंजूर करताना मला घसारा पाहावाच लागतो. यंदा माल ठेवायचा की विकायचा हे ठरवताना तो बाजूला ठेवावा लागतो. कुठला खर्च कुठल्या निर्णयात मोजायचा हे ज्याला कळलं, त्याला संधी खर्च (सोडून दिलेल्या पर्यायातून जे मिळालं असतं ते) आणि बुडीत खर्च (होऊन गेलेला, परत न येणारा) यांच्या व्याख्या वेगळ्या पाठ कराव्या लागत नाहीत. असा एक प्रश्न 15 गुणांना विचारून बघा. पुढच्या वर्षी गाइड छापणाऱ्यांना आकडे बदलून तो छापता येईल, हे मान्य. पण पोराला तो सोडवण्यासाठी विचार करावाच लागेल.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकलेल्या शेतकऱ्याच्या हाती 2 रुपयांचा चेक पडला, ती बातमी आपण वाचली असेल. किलोला एक रुपया भाव, आणि कपातींची बेरीज 509 रुपयांहून थोडी जास्त. देशभर हळहळ झाली. मी त्या दिवशी भाचीच्या वयाच्या दोन मुलींना, ज्या आमच्या बँकेत प्रकल्पासाठी आल्या होत्या, ती पट्टी फळ्यावर मांडून दाखवली. कुठल्या कपाती भावाच्या टक्केवारीने बदलतात आणि कुठल्या वजनावर ठरतात? भाव पडला की दुसऱ्या जातीच्या कपाती तितक्याच राहतात आणि सगळं गिळतात. 'स्थिर खर्च' आणि 'बदलता खर्च' त्या दोघींनी अकरावीपासून शिकलेले होते. कशाच्या तुलनेत स्थिर आणि कशाच्या तुलनेत बदलता, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी.

या दोघी चांगल्या होत्या. ओजेटीसाठी येणारी बरीचशी मुलं मात्र काउंटरवरूनच विचारतात, "मॅडम, फक्त शिक्का मिळेल का?" मला त्यांचा राग येत नाही. त्यांना काय शिकायचं आहे हे कुणी सांगितलेलंच नसतं. कागदावर तासांची संख्या असते, त्या तासांत कुठला प्रश्न सोडवायचा ते नसतं. श्रेयांक आपण दिलेत, आता प्रश्नही द्या. एका पतसंस्थेचे तीन वर्षांचे अहवाल घ्या, ठेवी आणि कर्जांचं प्रमाण काढा, थकबाकी कुठल्या महिन्यांत वाढते ते बघा, आणि ते महिने पिकाच्या हंगामाशी ताडून पाहा. एका बचत गटाच्या वहीतून गटाचा व्याजदर आणि खासगी सावकाराचा व्याजदर यांची तुलना करा. बाजार समितीच्या फलकावरची आवक आणि भाव महिनाभर रोज उतरवून घ्या.

हे शेवटचं आम्ही 11 जणांनी केलं होतं. सरांनी सांगितलं, 30 दिवसांचे आकडे आलेख कागदावर मांडा, मागणीचा वक्र मिळतो का बघू. मिळाला नाही. ठिपके कागदभर विखुरले. आम्हाला वाटलं आमचं काहीतरी चुकलं. सर म्हणाले, चुकलं नाही. काल भाव चढला म्हणून आज आवक वाढली, म्हणजे हा ठिपका पुरवठ्याची गोष्ट सांगतो. परवा परराज्यातली मागणी वाढली, म्हणजे तो ठिपका मागणीची. प्रत्येक ठिपका दोन्ही वक्रांच्या छेदावरचा आहे, त्यातून एकच वक्र ओढून काढता येत नाही. ही अर्थमितीतली, म्हणजे आकड्यांवरून सिद्धान्त तपासण्याच्या शास्त्रातली, फार मोठी अडचण आहे हे मला पुढे एम.ए.ला कळलं. मी ती दुसऱ्या वर्षाला, साध्या आलेख कागदावर, मराठीत पाहिली होती. कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धान्तही तसाच भेटला. यंदाचा भाव बघून पुढच्या वर्षीचा पेरा ठरतो, पेरा वाढला की भाव पडतो, भाव पडला की पेरा घटतो. आमच्या घरच्या अप्पांच्या पाच वर्षांच्या लागवडीचं क्षेत्र आणि भाव मांडला आणि जाळं कागदावर उभं राहिलं.

पण त्यापुढे माझी गाडी अडली ती गणितावर, आणि याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण या कारणाने किती मुलं मागे राहतात याची नोंद कुठेच होत नाही. अकरावीला वाणिज्य शाखेत गणित किंवा एस.पी., म्हणजे चिटणीसाची कार्यपद्धती, असा पर्याय असतो. ग्रामीण भागात गणित शिकवायला शिक्षक नसतात, टक्केवारी घसरायची भीती असते, आणि सगळी एस.पी. घेतात. मीही घेतलं. त्या दिवशी, 16 व्या वर्षी, मी अर्थशास्त्राच्या वरच्या दारांना कुलूप घातलं हे मला कुणी सांगितलं नाही. बी.कॉम. झाल्यावर एका नामांकित संस्थेच्या एम.ए. अर्थशास्त्राच्या प्रवेश परीक्षेला बसले. पहिल्याच पानावर अवकलन (डिफरन्सिएशन) होतं. सीमांत परिव्यय म्हणजे एकूण परिव्यय फलनाचं अवकलज, हे त्या पेपरने मला पहिल्यांदा सांगितलं. तीन वर्षं मी सीमांत तुष्टिगुण, सीमांत उत्पन्न, सीमांत परिव्यय लिहीत आले होते. 'सीमांत' या शब्दाच्या आत काय आहे ते माहीत नव्हतं. मी नापास झाले. पुढे नोकरी करत बाहेरून एम.ए. केलं, गणित रात्री मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकले.

भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. रिझर्व्ह बँकेच्या आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकारीपदासाठीही तेच. म्हणजे बी.कॉम. अर्थशास्त्र ही वरच्या मजल्यावर जाणारी शिडी आहे, आणि तिची मधली पायरी आपण बसवलेलीच नाही. पहिल्या वर्षाला 'अर्थशास्त्रासाठी गणित' असा पूर्ण श्रेयांकांचा पेपर ठेवा. तो दहावीच्या पातळीवरून सुरू व्हावा, कारण मुलं तिथेच थांबलेली आहेत. सरळ रेषेचा उतार, टक्केवारीतला बदल, निर्देशांक, घातांक, मग हळूच अवकलन. मागणीच्या लवचिकतेचे पाच प्रकार आम्ही काढले, त्यातल्या एकालाही आकडा लावला नाही. कांद्याच्या भावावर लवचिकता काढायला लावली तर गणिताची भीती निम्मी जाईल असं मला खरोखर वाटतं. सोबत संगणकावर तक्ते हाताळायला शिकवा. आमच्याकडे मुलाखतीला येणाऱ्या पदवीधरांना टॅली येतं, पण 200 ओळींच्या तक्त्यातून सरासरी भाव काढता येत नाही.

विशेष विषय बंद पडण्याबद्दलही लिहायलाच हवं. मी जिथे शिकले त्या कॉलेजात आता अर्थशास्त्र हा पर्यायच उरलेला नाही. विद्यार्थिसंख्या भरली नाही. आमची 11 जणांची तुकडी त्या काळात कशीबशी टिकली, पुढे आकडा पाच-सहावर आला आणि विषय गेला. भाचीला तो घ्यायचा झाला तर नाशिकला जावं लागेल, आणि येण्याजाण्यात रोजचे किती तास आणि किती पैसे जातील ते घरच्यांनी आधीच मोजून ठेवलं आहे. शेजारच्या तीन-चार तालुक्यांतल्या कॉलेजांनी मिळून एक तुकडी चालवावी, तास आळीपाळीने व्हावेत, श्रेयांक एकमेकांकडे वळावेत. मिळवलेले श्रेयांक साठवून दुसरीकडे वापरता येतील अशी श्रेयांक बँकेची सोय नव्या धोरणात आहेच. ती या कामी आणायला अडचण कुठे आहे, ते कृपया आम्हाला सांगा.

आणि एक गोष्ट मनाला फार लागलेली आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे 18 जानेवारी 1842 ला निफाडला जन्मले. 1892 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिलं, त्यात त्यांनी हेच सांगितलं की इंग्लंडच्या पुस्तकातली गृहीतकं, माणूस केवळ स्वतःचा लाभ पाहतो, श्रम आणि भांडवल हवं तिथे मोकळेपणी जातं, ही आपल्या समाजाला जशीच्या तशी लागू होत नाहीत, आपल्याला आपल्या परिस्थितीतून अर्थशास्त्र उभारावं लागेल. मी निफाड तालुक्यात तीन वर्षं अर्थशास्त्र शिकले. अॅडम स्मिथ 1776, मार्शल 1890, रॉबिन्स 1932, ही सनावळी माझ्या जिभेवर होती. रानड्यांचं नाव एकदाही घेतलं गेलं नाही. मला ते कळलं नोकरी लागल्यावर, एका दिवाळी अंकातल्या लेखातून.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर नोव्हेंबर 1918 पासून मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. सिडनहॅम हे वाणिज्य महाविद्यालय. त्यांच्यासमोर बसलेली मुलं आमच्यासारखीच, वाणिज्य शाखेची. त्याच वर्षी त्यांनी लहान जमीनधारणेवर निबंध लिहिला आणि दाखवलं की शेत लहान की मोठं हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्या जमिनीला भांडवल, अवजारं आणि माणसं किती जोडलेली आहेत त्यावर ठरतं. दोन एकरांवर ठिबक आणि शेडनेट घातलेला अर्जदार आणि दहा एकर कोरडवाहू असलेला अर्जदार यांची फाईल माझ्या टेबलावर शेजारी येते तेव्हा मला तो निबंध आठवतो. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत 1930 च्या दशकात पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी करून घेतली, माल कुठून येतो, कुणाच्या हातून जातो, प्रत्येक हात किती ठेवतो. तेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. बाजारात उभं राहून अर्थशास्त्र करायची ही रीत या मातीत शंभर वर्षांची आहे. मी काही नवं मागत नाही.

मराठीबद्दल थोडक्यात. 'ऑपॉर्च्युनिटी कॉस्ट'ला एका पुस्तकात वैकल्पिक परिव्यय, दुसऱ्यात पर्यायी खर्च, तिसऱ्यात संधी खर्च असे शब्द आहेत. मूल गोंधळतं आणि तिन्ही पाठ करतं. सगळ्या विद्यापीठांच्या मंडळांनी मिळून एकच शब्दसूची ठरवावी, आणि तिच्यात बाजारातले शब्दही यावेत. गोल्टी (बारीक कांदा), रांगडा (लेट खरीपाचा कांदा), खळं (व्यापाऱ्याची माल उतरवायची जागा), लेव्ही (हमाली-तोलाईवरची आकारणी), उलटी पट्टी. उलटी पट्टी म्हणजे माल विकून शेतकरीच पैसे देणं लागतो तो हिशोब. ऋण उत्पन्नाला आमच्याकडे इतका नेमका शब्द तयार आहे.

मला याची जाणीव आहे की आपल्यावरही बंधनं आहेत. शासन निर्णयाची चौकट, श्रेयांकांची वाटणी, रिकाम्या जागा, हजारो उत्तरपत्रिका वेळेत तपासायची घाई. फील्डवर्कचे गुण खोटे दिले जातील ही शंकाही रास्त आहे. त्यावर मला सुचतं ते असं की विद्यार्थ्याने गोळा केलेले मूळ आकडे अहवालासोबत जोडणं सक्तीचं करावं आणि तोंडी परीक्षा त्याच आकड्यांवर घ्यावी. ज्याने स्वतः फलकावरून भाव उतरवला आहे त्याला "या तारखेला भाव का पडला?" हे सांगता येतं. ज्याने नाही उतरवला त्याला येत नाही. परीक्षकाला दोन मिनिटांत कळेल.

दिवाळीनंतर लासलगावला लाल कांद्याची आवक सुरू होते. अभ्यासक्रमावर शेवटचा हात फिरवण्याआधी मंडळातल्या सदस्यांनी एक सकाळ तिथे यावं, अशी माझी विनंती आहे. सकाळच्या लिलावाच्या बऱ्याच आधी पोचायला हवं, गाड्यांच्या रांगा लागल्या की चालायला जागा राहत नाही. लिलाव पाहून झाला की गाडीमागोमाग खळ्यावर जाऊ, वजनकाटा पाहू, पट्टी कशी बनते ते पाहू. मी अर्धा दिवस रजा टाकेन. अप्पांच्या 2016 पासूनच्या सगळ्या पट्ट्या एका फाईलमध्ये लावल्या आहेत, ती सोबत आणते. भाचीही येणार आहे. तिने त्यातल्या पहिल्या दोन वर्षांच्या पट्ट्या संगणकावर उतरवून काढल्या आहेत आणि तिला आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे, आडतीचा.

आपली,
वाणिज्य शाखेची एक पदवीधर (विशेष विषय : अर्थशास्त्र)
निफाड तालुका, जिल्हा नाशिक